बांधापलीकडची शाखा

आमच्या भगिनीमंडळाच्या राज्यशाखेत एक पद होतं, ते कुणी मागून घेत नसे. वर्षभरात आर्कान्सा राज्यात ज्या ज्या भगिनी वारल्या, त्यांची नावं जूनच्या राज्य मेळाव्यात उभं राहून वाचायची. एकोणीस वर्षं हे काम मिस ओझेला थ्रेडगिल यांच्याकडे होतं. शेवटची काही वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी राहून प्रत्येक नावानंतर पितळी घंटा वाजवत असे. म्हणून हे मी सांगते आहे.

मिस ओझेला बॅनिस्टर गावात राहायच्या. चौतीस वर्षं त्यांनी मुलींना शिवणकाम शिकवलं, आधी काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळेत आणि गोऱ्या-काळ्यांच्या शाळा एक झाल्या तेव्हा मोठ्या शाळेत. नवरा लेलंड कापसाच्या जिनिंगमध्ये होता, तो कधीच वारला होता. मूलबाळ नाही. उंच, हडकुळ्या, बोलायला बेताच्या. मी त्याच गावच्या दवाखान्यात नर्स होते, वय एकतीस, आणि शाखेत सगळ्यांत लहान, त्यामुळे त्यांची गाडी चालवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं.

नावं वाचणं म्हणजे कागद हातात धरून वाचणं, असं मला आधी वाटायचं. पण मिस ओझेला एप्रिलपासूनच तयारीला लागायच्या. राज्यातल्या बेचाळीस शाखांकडून चिठ्ठ्या यायच्या. त्यातल्या प्रत्येक घरी त्या फोन करायच्या आणि विचारायच्या, “तुमच्या आईला घरात काय म्हणायचे? नावात जोर कुठे द्यायचा?” मग गाडीत बसून ती नावं पुटपुटत राहायच्या. आमच्या अध्यक्षीण बाई मिस कॉरीन बॅटल एकदा हसून म्हणाल्या होत्या, “ओझेला, त्या बिचाऱ्या गेल्या. त्यांना आता कसला आलाय जोर आणि काय.” मिस ओझेला म्हणाल्या, “आयुष्यभर पगारपत्रकात कुणी ना कुणी त्यांचं नाव चुकवलं असेल. शेवटचं तरी नीट घेऊ दे.”

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, एक चिठ्ठी अशी आली की तिच्यावर फोन नंबर नव्हता. जाड पिवळट कागद, जांभळी शाई, आणि वळणदार, मागे झुकलेलं अक्षर. नाव होतं लुव्हेनिया गेट्स, शाखा मेबन लँडिंग. पाकिटावरचा टपालाचा शिक्का पुसट होता. मेबन लँडिंग नावाची शाखा आमच्या यादीत नव्हती. मिस ओझेलांनी त्या नावाच्या गावी पत्र टाकलं, ते ‘असं टपाल कार्यालय नाही’ असा शेरा घेऊन परत आलं.

मिस कॉरीन म्हणाल्या, वगळून टाक. कुणीतरी चुकून पाठवलं असेल.

“चुकून पाठवलं असेल तर एक नाव जास्त वाचलं जाईल,” मिस ओझेला म्हणाल्या. “चुकून वगळलं तर एक बाई राहून जाईल. मला पहिलं चालेल.”

मेळावा लिटल रॉकला एका हॉटेलच्या सभागृहात होता. शनिवार सकाळ, दहाचा सुमार. सहाशे बायका, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत, आणि मोठाल्या खिडक्यांतून ऊन थेट आत येत होतं. एक्केचाळीस नावं होती. मिस ओझेला नाव घेत, मी घंटा वाजवी, नाद विरेपर्यंत सगळे थांबत, मग पुढचं नाव. पंख्याखेरीज कसलाच आवाज नव्हता.

सव्विसावं नाव त्यांनी घेतलं, “लुव्हेनिया गेट्स.” मी घंटेला हात घातला तेवढ्यात त्यांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली. त्यांनी मान किंचित वळवली, जशी वर्गात मागच्या बाकावरून कुणी बोललं की बाई वळवतात. क्षणभर ऐकलं. मग मान हलवली आणि पुन्हा म्हणाल्या, “लुव्हीना गेट्स. माफ करा.” आणि माझा हात सोडला.

मी घंटा वाजवली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

नंतर जेवणाच्या वेळी त्या टेबलाटेबलाशी जाऊन विचारू लागल्या, मागून कोण बोललं? ‘लिहितात लुव्हेनिया, पण म्हणायचं लुव्हीना,’ असं मला कोण म्हणालं? मागच्या तीन रांगांतल्या बायकांना त्यांनी एकेक करून गाठलं. कुणीच बोललं नव्हतं. एकजण माझ्या कानाशी लागून म्हणाली, “बाईंना घरी घेऊन जा गं, ऊन बाधलंय.”

 परतीच्या वाटेवर मिस ओझेला म्हणाल्या, “रागावून नाही म्हणाली ती. समजावून म्हणाली. म्हातारा आवाज होता, दमलेला.” थोड्या वेळानं पुन्हा, “ज्या अर्थी नाव कसं घ्यायचं ते कुणाला तरी माहीत आहे, त्या अर्थी ती बाई कुणाची तरी आहे. मला तिचं घर शोधायला हवं.”

मिस कॉरीनच्या तळघरात राज्यशाखेची जुनी दप्तरं होती. दोन दुपारी आम्ही तिथे घालवल्या. मेबन लँडिंग शाखा खरोखरच होती. एकतीस साली सात शिक्षिकांनी काढलेली, मिसिसिपीच्या काठच्या एका वस्तीत. शेतमजुरांच्या बाळांना कपडे शिवून द्यायचे, बाळंतिणीला पंधरा दिवस जेवण पोचवायचं, अशी त्यांची कामं. पुढे सरकारनं पुराचा बांध मागे सरकवला आणि सगळी वस्ती बांधाच्या चुकीच्या बाजूला, नदीकडे राहिली. लोक उठून गेले. सत्तावन्न साली शाखा बंद, असा शेरा होता. सात नावांपैकी सहांच्या पुढे फुली होती आणि वारल्याचं वर्ष लिहिलं होतं. सातवं नाव लुव्हेनिया गेट्स, वयानं सगळ्यांत लहान. तिच्यापुढे काहीच नव्हतं.

दप्तरात त्या शाखेच्या बैठकींची वही निघाली. मिस ओझेलांनी ती उघडली आणि खुर्चीत बसल्या. मग पर्समधून ती चिठ्ठी काढून पानाशेजारी ठेवली. जांभळी शाई, मागे झुकलेलं अक्षर, गेट्समधल्या मोठ्या ‘जी’ अक्षराला खाली आकडीसारखा फाटा. वहीच्या प्रत्येक पानाखाली सही होती, हॅटी बेल क्रोकर, चिटणीस. हॅटी बेलच्या नावापुढची फुली एकसष्ट सालची होती.

मिस कॉरीन म्हणाल्या, त्या काळी सगळ्यांना एकाच पुस्तकावरून अक्षर गिरवायला लावत, त्यामुळे सारखंच दिसतं.  मिस कॉरीननीच वही मिटली आणि वरच्या मजल्यावर निघून गेल्या, आणि तळघराचा दिवा बंद करायलाही परत खाली आल्या नाहीत.

पुढच्या गुरुवारी आम्ही मेबन लँडिंगला निघालो. दुपारचा एक वाजला होता. बांधावरून गाडी पलीकडे उतरली आणि हवा बदलली. गरम, ओली, न हलणारी. रस्ता खडीचा, मग नुसत्या मातीचा. दोन्ही बाजूंना विलोची झाडी, आणि खोडांवर माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर जुन्या पुराची करडी रेघ, मैलभर, एकसारखी. एक पक्षी नाही. मला परत फिरावंसं वाटत होतं आणि ते बोलून दाखवायची लाज वाटत होती. मिस ओझेला मांडीवर खरबुजाचा तुकडा आणि चिकनचा डबा धरून बसल्या होत्या, कारण कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही.

झाडी संपली तिथे उंच खांबांवर एक घर होतं. रंग उडालेला, पण पायऱ्या झाडलेल्या. ओसरीवर खुर्चीत एक बारीक म्हातारी बसली होती. अंगात पांढरा झगा, मांडीवर शिवण. तिच्या भोवती अर्धवर्तुळात सहा खुर्च्या होत्या, वेगवेगळ्या घरांतल्या असाव्यात अशा, आणि प्रत्येकीवर उशी.

आम्हाला पाहून ती दचकली नाही. तिचा आवाज ऐकताच मिस ओझेलांनी माझा दंड धरला.

“तूच का गं ती वाचणारी?” म्हातारी म्हणाली. “बरं घेतलंस दुसऱ्यांदा.”

“मिस लुव्हीना?” मिस ओझेला म्हणाल्या.  “आम्हाला तुमची चिठ्ठी आली होती. तुम्ही... तुम्ही वारल्याची.”

“हॅटी बेलची असणार. मी तिला म्हटलं होतं, इतक्यात पाठवू नकोस. पण तिला पहिल्यापासून घाई. महिना संपायच्या आत दप्तर पुरं हवं.” ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून बोलली, रागानं नव्हे, तक्रारीनं. “आता बघ, या दोघींना एवढ्या उन्हातून यावं लागलं.”

 मी नर्स आहे, आणि माझे डोळे तोवर तिच्या डाव्या पायावर गेले होते. पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं, आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. ओठ फुटलेले, डोळे खोल. मी गुडघे टेकून विचारलं, कधी पडलात? मंगळवारी, ती म्हणाली. पायरीवरून. सरपटत खुर्चीपर्यंत आले, तेव्हापासून उठता येत नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. दोन दिवस त्या उन्हात ती पाण्यावाचून बसली होती. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याची बादली होती, तिथवर तिला जाता आलं नव्हतं.

“पाणी कुणी दिलं?” मी विचारलं, कारण दोन दिवस पाण्यावाचून, त्या वयात, त्या उन्हात, ती बोलत असायला नको होती. तिच्या खुर्चीच्या हातावर एक पेला होता आणि तो अर्धा भरलेला होता.

“ज्या जवळ होत्या त्यांनी,” ती म्हणाली.

तो पेला मी घोटाघोटानं तिला पाजला. गाडीची मागची सीट आडवी केली, जाळीचं दार काढून त्यावर गोधडी बांधली आणि दोघींनी मिळून म्हातारीला त्यावर घेतलं. ती विशेष जड नव्हती. गाडी सुरू केली तेव्हा तिनं मिस ओझेलांना सांगितलं, “खुर्च्या आत घे. पाऊस आला तर उशा भिजतील.” मिस ओझेला परत गेल्या. मी आरशातून पाहत होते. त्या एकेक खुर्ची उचलण्याआधी तिच्याशी वाकून काहीतरी बोलत होत्या. मागाहून मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “परवानगी मागितली. कुणी बसलेलं असेल तर ओढून कशी घ्यायची?”

हाड जुळायला चार महिने लागले. राज्यशाखेनं काय करायचं यावर बैठक झाली. वृद्धाश्रमाचं नाव निघालं. मिस ओझेला उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या की आपल्याच एका भगिनीला आपण सत्तावीस वर्षं विसरलो, आणि तिची आठवण करून द्यायला कोण आलं ते या खोलीतल्या तिघींना माहीत आहे. “तेव्हा ती माझ्या घरी राहील,” त्या म्हणाल्या. मिस कॉरीन खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनीच आधी हात वर केला. शेजारच्या चार शाखांनी वार वाटून घेतले. कुणी जेवण आणी, कुणी अंघोळ घाली, कुणी तिला चर्चमध्ये नेई. ज्या बायका मेळाव्यापुरत्या एकमेकींना ओळखायच्या, त्या आता मिस ओझेलांच्या स्वयंपाकघरात एकमेकींच्या सुनांची गाऱ्हाणी सांगू लागल्या. जेवण, कपडे, औषध, सगळं ठरल्याप्रमाणे.

फक्त गुरुवारची दुपार कुणी घेईना.

मिस लुव्हीनाची एकच अट होती. गुरुवारी दोन वाजता बैठकीच्या खोलीत सहा खुर्च्या मांडायच्या, शिवणाची टोपली मध्ये ठेवायची आणि दार ओढून घ्यायचं. पहिल्या महिन्यात लोला मे टरेल नावाची आमची एक भगिनी त्या वेळी घरात होती. ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. दाराआडून तिला बोलणं ऐकू आलं, म्हणे, म्हातारीचं आणि दुसऱ्या कुणाकुणाचं, आणि मग हसणं, बऱ्याच जणींचं. ती ओलं फडकं हातात घेऊनच घराबाहेर पडली आणि पुन्हा त्या घरी आली नाही. तिला कुणी नावं ठेवली नाहीत.

म्हणून गुरुवार मी घेतला. मला कधी बोलणं ऐकू आलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. सुयांचा आवाज यायचा, कापडातून दोरा ओढल्याचा, तो सुद्धा एकीचा असू शकतो. पण एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर मिस ओझेला गोड चहाचे पेले भरत होत्या. आठ पेले होते.

“किती जणी आहेत आत?” मी विचारलं.

“मी मोजत नाही गं पोरी,” त्या म्हणाल्या. “मी भरते, आणि परत आणते तेव्हा रिकामे असतात.” तबक उचलून त्या दाराशी थांबल्या. “आता त्या मलाही बसवून घेतात.”

त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लेलंड गेल्यापासून त्या घरात एकट्याच जेवत होत्या, हे मला त्या क्षणी आठवलं, आणि मला त्यांच्यासाठी बरं वाटावं की घाबरावं ते कळेना. मी मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि चार वाजेपर्यंत तिथेच राहिले.

मिस लुव्हीना सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत गेल्या, सकाळी, अंथरुणात. पांढरा झगा मिस ओझेलांनीच इस्त्री केला. राज्यशाखेत प्रश्न आला की हिचं नाव एकदा वाचून झालं आहे, दप्तरात नोंद आहे, पुन्हा कसं वाचायचं? मिस ओझेला म्हणाल्या, नका वाचू. पहिल्यांदा वाचलं ते तिनं स्वतः ऐकलं. इतक्या बायकांत हे भाग्य कुणाला मिळालं?

त्या नंतरच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. मिस लुव्हीनाच्या पलंगाखाली एक पेटी होती. तिच्यात तान्ह्या बाळांच्या टोप्या होत्या, पांढऱ्या मलमलीच्या, शेकड्यांनी. सरत्या वर्षांत म्हातारीची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती, पेलाही तिला दोन हातांनी धरावा लागे. मिस ओझेलांनी टोप्या पलंगावर पसरल्या आणि चष्मा लावून त्यांचे ढीग करायला लागल्या. मला वाटलं मापाप्रमाणे लावताहेत.

“हा ढीग बघ,” त्या म्हणाल्या, “ही दोरा फार ताणते. ही गाठ आतून लपवते. ही डावखुरी आहे, टाका उलटा पडलाय. चौतीस वर्षं मी मुलींच्या वह्या नाही, शिवण तपासली. नाव लिहिलेलं नसलं तरी हात कुणाचा ते मला कळतं.”

एका ढिगावर त्यांनी हात ठेवला. तो त्यांचा स्वतःचा होता. एक मिस लुव्हीनाचा, वाकडातिकडा, सगळ्यांत लहान. आणि आणखी सहा ढीग होते.

मिस ओझेलांनी चष्मा काढला.  मग त्या म्हणाल्या, “दवाखान्यात लागतात ना गं टोप्या?”

लागत होत्या. आमच्या भागात बाळं अशक्त जन्मायची, हिवाळ्यात अंग गार पडायचं. मी म्हटलं, मिस ओझेला, या कुणी शिवल्यात ते तुम्हीच आत्ता सांगितलंत, आणि मी या कुणाच्या लेकराच्या डोक्यावर घालू?

“एकतीस सालापासून त्या हेच करतायत,” त्या म्हणाल्या. “वस्ती उठली, बांध सरकला, स्वतः मेल्या, तरी काम टाकलं नाही. तू त्यांना नाही म्हणणार?”

मी पेटी नेली.  पहिली टोपी घातली ते मूल चार पौंडांचंही नव्हतं, टिमन्स नावाच्या मुलीचं. टोपी बरोब्बर बसली. मी रात्रपाळीच्या नर्सला काही न सांगता तीन दिवस दर तासाला जाऊन बघत होते. बाळ दूध प्यायलं, झोपलं, रडलं, आणि आईबरोबर घरी गेलं. पुढची पाच वर्षं त्या टोप्या पुरल्या.

मिस ओझेलांनी नावं वाचण्याचं पद मात्र सोडलं. त्यांनी मिस कॉरीनच्या तळघरातली दप्तरं घरी आणली आणि बंद पडलेल्या शाखा शोधायला लागल्या. ज्यांच्या नावापुढे फुली नाही अशा बायका. एकवीस नावं निघाली. वर्षभर आम्ही राज्यभर हिंडलो, धरणाखाली गेलेली गावं, गिरणी बंद पडलेली गावं. नऊ जणी जिवंत सापडल्या. एक आंधळी झाली होती, एकीला आपण कोण हे आठवत नव्हतं पण मंडळाचं गाणं पाठ होतं. प्रत्येकीला जवळची एखादी शाखा जोडून दिली. आज राज्यशाखेत त्यासाठी वेगळी समिती आहे आणि तरुण मुली त्यात आनंदानं काम करतात. सुरुवात कशी झाली ते त्यांना कुणी सांगत नाही.

मिस ओझेला एक्क्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. शेवटपर्यंत हिंडत्या-फिरत्या. गुरुवारी दुपारी मात्र त्या घरीच असत, आणि आम्ही कुणी त्या वेळी फोन करत नसू. त्या गेल्यावर घर भाच्यानं विकायला काढलं. सामान आवरायला मी गेले होते. बैठकीच्या खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. भाचा म्हणाला, या कुणाच्या? घेऊन जायच्या असतील तर घेऊन जा.

मी त्या माझ्या घरी आणल्या आहेत. परवानगी मागून.